किटल्यांच्या जागी पिशव्या

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाताना बाची मागे पडून शिनोळीची हद्द लागते तिथं रस्त्याला एक सांधा आहे. अलीकडचं डांबर कर्नाटकाचं, पलीकडचं महाराष्ट्राचं. गाडीत बसलेल्यांना तो कळत नाही. मला पाटी दिसायच्या आधी हँडलच्या मुठीतून कळतो. गेली सहा वर्षं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मी तो सायकलवरून ओलांडते. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी तपासणी विभागात आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज हेच दिवसभर हातात. घर हिंडलग्याला. येऊन-जाऊन पंचवीस-एक किलोमीटर पडतात.

पहिल्या वर्षी तुरमुरीच्या थांब्यावर बसणारी एक आजी मला रोज विचारायची, "खुट्टं जाऊलीस गे, एवढं सामान घेऊन?" कामाला जातेय म्हटलं की तिला पटायचं नाही. पुढं-मागं मडगार्ड, मागं कॅरियर, कॅरियरच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या पिशव्या, पुढं दिवा, खाली दोन पायांचं स्टँड, हँडलला घंटी. तिला वाटायचं, ही पोरगी कुठल्या तरी यात्रेला निघालीय. तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. सायकल यात्रेचीच आहे. टूरिंगची म्हणतात तिला. सामान लादून महिना-महिना फिरता यावं म्हणून बनवलेली. पुण्याहून जुनी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं ती पार दक्षिणेपर्यंत फिरवलेली होती. मी मात्र तिच्यावरून आंबोलीच्या पलीकडे गेलेली नाही. मला ती हवी होती ती रोजच्या रस्त्यासाठी.

रोज सायकल चालवायची तर सायकल नेहमी तयार पाहिजे, हे मी माझ्या बाबांकडून शिकले. बाबा १९७८ पासून १९९६ पर्यंत तुरमुरीहून बेळगावच्या कॅम्पात दूध घालायचे. ॲटलसची काळी सायकल. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरच्या किटल्या, हँडलला मापं आणि एक छोटी किटली. पहाटे चारला निघायचे. त्या वेळी दिवा शोधा, पंप शोधा, पिशवी बांधा असलं काही नसायचं. जे लागतं ते सायकलवरच असायचं आणि सायकलवर जे असायचं ते कधी उतरायचं नाही. बाबांनी स्टँड काढला, पायडलवर पाय टाकला की निघाले.

आता सायकल घेणारी मुलं बघते. दुकानातून आणली की आधी मडगार्ड काढतात. मग कॅरियर काढतात, स्टँड काढतात. सायकल हलकी होते हे खरं. पण मग दप्तर पाठीवर येतं, पाठ घामानं भिजते, पावसात मागच्या चाकाचा चिखल मानेपर्यंत उडतो, आणि महिन्याभरात सायकल भिंतीला लागते. मला त्या मुलांचा राग येत नाही, वाईट वाटतं. त्यांना सायकल आवडत नव्हती असं नाही. सायकल त्यांच्या दिवसाला पुरी पडली नाही, एवढंच.

किटल्यांकडे मी लहानपणी नुसतं दूध म्हणून बघायचे. आता त्यातली अक्कल कळते. वजन कॅरियरच्या वर ठेवलं तर वळणावर सायकल डोलते, थांबताना आडवी व्हायला बघते. तेच वजन चाकाच्या दोन्ही बाजूंना, आसाच्या जवळ खाली टांगलं की सायकल शहाण्यासारखी चालते. टूरिंगवाले ज्याला पॅनियर म्हणतात त्या पिशव्या नेमक्या याच तत्त्वावर बसतात. माझ्या डाव्या पिशवीत डबा, कपड्यांचा जोड आणि रेनकोट असतो. उजवीत हत्यारं, ट्यूब, पंप. परतताना सुगीच्या दिवसांत शेताच्या बांधावरून पाच किलो रताळी घेतली तरी मूठ थरथरत नाही. या पट्ट्यातल्या लाल मातीतली रताळी ज्यांनी खाल्लीत त्यांना पाच किलो का घ्यायची हे सांगायला नको.

कॅरियर मी विकतचा घेतला नाही. बेळगावातल्या उद्यमबागेत ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये आठ मिलिमीटरच्या सळीचा करून घेतला, सांधे ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून जोडून. विकतचे बरेच कॅरियर ॲल्युमिनियमचे असतात, वजनाला निम्मे. पण ॲल्युमिनियम तुटलं तर जोडायला वेगळं वेल्डिंग लागतं आणि ते रस्त्यावरच्या प्रत्येक गावात मिळत नाही. लोखंडाच्या सळीचं तसं नाही. नांगराचा फाळ जोडणारा कुणीही ती जोडून देतो. सायकलची फ्रेमही त्याचसाठी पोलादाची बरी. कधी काही झालंच तर सुळग्यापासून चंदगडापर्यंत कुठंही हात लावणारा माणूस भेटतो.

त्या कॅरियरनं मला एक धडा मात्र दिला. फ्रेमला तो पाच मिलिमीटरच्या बोल्टनं बसतो. चेनच्या बाजूचा बोल्ट मी घाईत दोन मिलिमीटर लांब लावला. सायकल उभी असताना सगळं ठीक होतं. रस्त्यावर चेन सगळ्यात छोट्या चक्रावर गेली की मात्र कट् कट् असा आवाज यायचा. तीन दिवस मी गिअरची तार घट्ट-सैल करत बसले. शेवटी मागचं चाक काढलं, तर बोल्टचं टोक आतून घासून चकचकीत झालेलं. कारखान्यात शंभरांशाचा फरक पडला तर मी पार्ट परत पाठवते, आणि इथं दोन मिलिमीटर मला दिसले नव्हते. कानशीनं टोक घासलं, सगळीकडे नायलॉक, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळं सहज सैल न होणारे नट लावले. चार वर्षं झाली, एक बोल्ट सैल झालेला नाही. तरी दर रविवारी ॲलन की घेऊन प्रत्येक बोल्टला हात लावतेच.

रविवार हा सायकलचा. सकाळी आंघोळीच्या आधी अंगणात पोतं टाकते आणि तास-दीड तास तिच्याजवळ बसते. या तासाबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण सायकल टिकते ती इथं.

आधी चेन. चेन लांबते असं आपण म्हणतो, पण पोलाद काही ताणलं जात नाही. कडीच्या आतली पिन आणि तिच्याभोवतीचं बूश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी जागा होते आणि शंभराहून जास्त सांध्यांची ती जागा मिळून चेन लांब झालेली दिसते. सायकलच्या चेनचा एक सांधा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. चोवीस सांधे मोजले की नेमका एक फूट, ३०४.८ मिलिमीटर. मी पोलादी पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवते आणि चोविसाव्या सांध्याची पिन बघते. ती ३०६.४ च्या आसपास गेली, म्हणजे दीड-एक मिलिमीटर पुढं सरकली, की चेन बदलायची. आणखी ढकललं आणि ३०८ झालं तर चेनबरोबर मागची सगळी चक्रंही गेलीच समजा. झिजलेली चेन दातांना आपल्या मापाचं करून घेते. मग नवी चेन टाकली की ती त्या दातांवरून उडते. वेळेवर बदललेल्या दोन-तीन चेनींत एक चक्रांचा संच जगतो. हा हिशोब कुठल्याही घरात पटण्यासारखा आहे.

तेल घालताना आमच्याकडची जुनी सवय म्हणजे गाडीचं जळकं ऑईल. फुकट मिळतं, म्हणून चेनवर ओतायचं. त्यात इंजिनातली झीज असते, वरून रस्त्याची धूळ बसते आणि चेनला घासायची पेस्ट तयार होते. मी चेन आधी फडक्यानं कोरडी पुसते, प्रत्येक सांध्यावर एक-एक थेंब मशीन ऑईल सोडते, पायडल उलटं वीसएक फेरे फिरवते आणि मग बाहेरचं सगळं तेल पुन्हा पुसून काढते. तेल सांध्याच्या आत हवं, बाहेरचं तेल फक्त धूळ गोळा करतं. चेन कव्हरही आहे, तेही माझ्यासाठी अडचण नाही. एकदा ओढणीचं टोक चक्रात गेलं होतं, सुळग्याच्या उतारावर. ओढणी फाटली, मी वाचले. त्या आठवड्यात पुढच्या चक्रावर कव्हर बसवून घेतलं.

पावसाळ्यात रविवार पुरत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, आणि तिथून पश्चिमेला सह्याद्रीकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. हिंडलग्यात रिमझिम असते तेव्हा शिनोळीत छत्री उलटी होते. त्यात आमची लाल जांभ्याची माती. पूर्वेला गोकाक, बैलहोंगलच्या अंगाला काळी माती आहे. ती टायरला चिकटून मडगार्डमध्ये भरते आणि चाकच अडवते. तिकडं फिरणाऱ्यानं मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा ठेवावीच. लाल माती अडवत नाही. ती खाते. तिचे बारीक कण ब्रेकच्या रबरात रुततात आणि ब्रेक दाबला की रिम खरवडतात. ओल्या रस्त्यावर तो सर्र असा खरखरीत आवाज आला की माझ्या दातांत काहीतरी होतं. घरी पोचल्यावर चाकावर आधी बादलीभर पाणी, मग दाभणाच्या टोकानं रबरातला एकेक खडा काढायचा. कधी कधी त्यात ॲल्युमिनियमची चमकणारी किस सापडते. ती माझ्याच रिमची असते. वर्षातून दोनदा रिमच्या बाजूवर पट्टी उभी धरून उजेडाकडे बघते. पट्टीखालून मधोमध उजेड दिसायला लागला की रिमची भिंत खोलगट झाली, म्हणजे तिचे दिवस भरत आले. आतून हवेचा दाब असतो. पातळ झालेली भिंत फुटली तर चालत्या सायकलचं चाक अडकतं. तिथं काटकसर करू नये.

दिव्याचंही थोडं सांगते. उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मागं दोन-दोन ट्रॉल्या. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, उसाचे शेंडे बाहेर आलेले. अशा रस्त्यावर चार्ज करायचा दिवा मी दोनदा घरी विसरले. दुसऱ्यांदा तुरमुरीच्या पुढं मी अंधारात उतरून सायकल हातानं ढकलत आणली. त्यानंतर पुढच्या चाकात हब डायनमो बसवून घेतला, सहा व्होल्ट, तीन वॉट. चाक फिरलं की दिवा लागतो, आणि थांबल्यावरही मिनिटभर जळत राहतो. बाबांच्या सायकलवर बाटलीचा डायनमो होता, टायरला टेकवला की घर्रर्र आवाज करणारा. पावसात तो घसरायचा. पण पहाटे चारला तो आवाज गल्लीतून लांब जाताना ऐकू आला की आई कूस बदलून पुन्हा झोपायची, हे मला आठवतं.

आणि गिअर. बाबांच्या सायकलला पुढं ४४ दातांचं चक्र, मागं १८ चं फ्रीव्हील. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जायची. माझ्या सायकलच्या सगळ्यात हलक्या गिअरला पुढं २६, मागं ३२ दात. एका फेऱ्यात पावणेदोन मीटर. हा आकडा मी बाबांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे चढाला उतरावं लागत नाही तुला." चाळीस लिटर दूध घेऊन रोज पहाटे चढाला सायकल ढकलणाऱ्या माणसाचं ते वाक्य होतं.

आता एका जुलैची गोष्ट. बाचीच्या अलीकडे पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं आणि आतल्या कशानं तरी मागच्या टायरची बाजू दोन बोटं फाटली. नुसतं पंक्चर मी रस्त्यात बसून काढते. पण टायरच फाटला की ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. ढकलत बाचीत आले. रस्त्याकडेला पत्र्याच्या टपरीत पंक्चरचं दुकान. मामा साठीच्या पुढचे. त्यांनी चाक बघितलं आणि छताला टांगलेल्या टायरांतला एक काढला. "अठ्ठावीस इंची. बसतंय बघ."

तो बसणार नाही हे मला माहीत होतं, पण त्यांनी इतक्या आपुलकीनं काढला की मी गप्प राहिले. आपल्या साध्या सायकलचा टायर अठ्ठावीस बाय दीड. माझ्या सायकलचा सातशे सी. बाजारात त्यालाही अठ्ठावीस इंचीच म्हणतात. पण रिमवर टायरची कड जिथं बसते तिथला व्यास साध्या टायरचा ६३५ मिलिमीटर आणि माझा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. टायर रिमवर गेला तो बांगडीसारखा सैल. मामांनी हवा न भरताच हातानं फिरवून बघितला, काढला आणि म्हणाले, "न्हाई हुत. गेटर टाकूया."

गेटर हा शब्द मी वीस वर्षांनी ऐकला. त्यांनी कोपऱ्यातला एक बाद टायर घेतला, चाकूला पाणी लावून त्याची तारेची कड दोन्ही बाजूंनी उतरवली, वीतभर तुकडा कापला. मग त्याच्या चारी कडा दगडावर घासून इतक्या पातळ केल्या की बोट फिरवलं तर कुठं संपतो ते कळेना. तो तुकडा त्यांनी माझ्या टायरच्या आत, फाटलेल्या जागेवर ठेवला, पिठासारखी खडूची पूड भुरभुरली, ट्यूब बसवली. हवा भरताना दर दहा-बारा पंपांनी थांबून ते टायरवरून तळहात फिरवत होते. माझ्या रिमचं भोक मोटारसायकलच्या व्हॉलचं आहे, त्यांचा पंप साध्या सायकलचा. पण त्यांच्याकडे मोटारसायकलचं तोंडही होतं, म्हणून भागलं. सायकल घेताना मी मुद्दाम तोच व्हॉल ठेवला होता. पातळ परदेशी व्हॉलची हवा आमच्या रस्त्यावर कुणी भरून देत नाही.

त्या कडा घासताना मी बघत राहिले. कारखान्यात आम्ही याला चॅम्फर म्हणतो, ड्रॉइंगवर माप लिहितो. मामांच्या अंगठ्याला ते माप ठाऊक होतं. तो गेटर तीन आठवडे चालला, भर पावसात, सामानासकट. नवा टायर मागवून यायला तेवढेच दिवस लागले.

तेव्हापासून सायकलवर काही नवं बसवायचं झालं की मनात पहिला प्रश्न येतो, हे बाचीच्या टपरीत दुरुस्त होईल का? होणार नसेल तर त्याचा सुटा भाग माझ्या पिशवीत हवा. म्हणून चार जादा तारा मागच्या दांडीला टेपनं बांधलेल्या असतात. छत्तीस तारांच्या चाकाची एखादी तुटली तरी उरलेल्या सांभाळून घेतात, शेजारच्या दोन सैल केल्या की चाकाचा आऊट, म्हणजे डोलणं, कमी होतो आणि घर गाठता येतं. माझ्या मापाचा एक टायर घडी घालून उजव्या पिशवीच्या तळाशी असतो. वजन वाढतं. वाढू दे.

ऑक्टोबरच्या शेवटी बाबा त्यांची सायकल बाहेर काढतात. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची मूक सायकल फेरी असते. १९५६ साली भाषावार राज्यं झाली आणि आमचा मराठी भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्याच तारखेला. लहानपणी मी बाबांच्या दांडीवर बसून, दंडाला काळी फीत बांधून गेलेय. आता बाबांचं वय पंचाहत्तरीकडे आलं. तरी आठ दिवस आधी चाकं सोडतात, छरे परातीत काढतात, रॉकेलच्या जागी आता डिझेलनं धुतात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडल्याची बातमी पेपरात आली, त्या दिवशी दुपारी त्यांनी काही न बोलता सायकल पुसून काढली होती. यंदा छरे मी मोजून बसवले, त्यांना जागेवर धरणारा कोन मी आवळला. चाक उचलून फिरवलं आणि व्हॉलच्या वजनानं ते आपोआप खाली येऊन थांबलं, तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली.

माझा गेटरवाला टायर त्यानंतर मी मामांना नेऊन दिला. फाटलेली जागा सोडली तर रबर चांगलं होतं. वेंगुर्ला रोडनं गोव्याकडे जाणारे सायकलवाले कधी कधी बाचीतून जातात, त्यांच्या चाकाचं माप माझ्यासारखंच असतं. मामांनी टायर हातात घेऊन आतला आपला तुकडा बघितला, अंगठ्यानं कड दाबली. मग अठ्ठावीस इंचीच्या ओळीत शेवटच्या खिळ्याला तो टांगला आणि त्यावर खडूनं लिहिलं, ७००.

गेल्या आठवड्यात जाताना बघितलं, खिळा रिकामा होता. संध्याकाळी थांबून विचारलं. "दोघं पोरं आलती बेंगळूरची," मामा म्हणाले. "कन्नड बोलणारी. बसला त्यांना. दुसरा हाय काय गे तुझ्याकडं?"